कॉलेजकडचा माणूस

गुरुप्रसादला मी पहिल्यांदा पाहिलं ते अळणावरजवळच्या एका खेड्यात, सुपारी फोडण्याच्या कार्यक्रमात. माझा जुना विद्यार्थी तुकाराम, त्याच्या मुलीची, ज्योतीची ती सुपारी. अंगणात जमखाना अंथरला होता. एका बाजूला मुलीकडचे, समोर मुलाकडचे, मधे ताटात पानं, नारळ, हळदकुंकू. मी मुलीकडच्या बाजूला भिंतीला टेकून बसलो होतो. दोन्ही बाजू जिथं संपत होत्या तिथं, कुणीच बसत नाही अशा जागी, फिक्या निळ्या शर्टातला चाळिशीचा एक गृहस्थ मांडीवर काळी बॅग घेऊन बसला होता. तुकारामच्या घरच्यांनी त्याला पोह्यांची बशी दिली. ती संपते न संपते तोच मुलाकडच्या कुणीतरी दुसरी आणून दिली. तीही त्यानं खाली मान घालून खाल्ली. नको म्हणायला लागणारी शक्तीही या माणसापाशी उरलेली नाही, असं मला तेव्हा वाटलं.

देण्याघेण्याचं, मानपानाचं, लग्न कुठं करायचं याचं बोलून झालं. मुलाचे, म्हणजे आकाशचे वडील हयात नव्हते. बोलणी त्याचे चुलते धोंडिबा करत होते. उंच, आवाज बसका, आणि एक वाक्य बोलून झालं की ते समोरच्यापर्यंत पोचलं का, हे बघून मगच दुसरं बोलायचं, अशी त्यांची रीत. त्यांनी पाटावर सुपारी ठेवली आणि लोखंडी बत्ता उचलला.

"एक मिनिट थांबा," तो गृहस्थ म्हणाला. "सुपारी फुटायच्या आधी मला एक मागायचं आहे."

बत्ता वरच राहिला. धोंडिबांनी त्याच्याकडं बघितलं, मग तुकारामकडं. "हे कुणाकडचे?"

"आम्हाला वाटलं, तुमच्याकडचे," तुकाराम म्हणाला.

"मी कॉलेजकडचा," तो म्हणाला.

सगळे हसले. "आता कॉलेजला पण आहेर कराय लागतोय काय?" असं मागून कुणीतरी म्हणालं, त्यावर आणखी हसले. तोही हसला, पण जरा उशिरा. मग उठून उभा राहिला, बॅग हातातच. म्हणाला, ज्योती आमच्याकडं बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, मी तिला अर्थशास्त्र शिकवतो. पहिल्या वर्षी सगळ्या विषयांत पास झाली आहे. लग्न व्हावं, चांगलंच आहे. पण लग्नानंतर तिला परीक्षेला पाठवाल, एवढा शब्द मला सुपारी फुटायच्या आधी पाहिजे.

"पेपर किती दिवस असतात?" धोंडिबांनी विचारलं.

"आठ-दहा दिवसांत संपतात."

धोंडिबांनी आकाशकडं बघितलं. आकाश हुबळीजवळ तारिहाळला एका कारखान्यात लेथवर काम करायचा, हुबळीतच खोली घेऊन राहायचा. तो जमखान्याकडं बघत बसला होता. "मग पाठवतो की," धोंडिबा म्हणाले. "आमच्या घरची सून पेपरला गेली न्हाई, असं हुनार न्हाई. ह्या सगळ्यांसमोर सांगतो." आणि मग कानडीत, "आयतु?" म्हणजे झालं ना तुमचं?

"झालं," तो म्हणाला आणि खाली बसला. बत्ता पडला, सुपारी फुटली, साखर वाटली गेली. आतल्या खोलीच्या दाराशी बायकांच्या मागं ज्योती उभी होती. तिचा चेहरा मी बघितला. ती आकाशकडं नाही, मास्तरांकडं बघत होती.

परतीच्या बसला आम्ही दोघंच हुबळीकडचे निघालो. तो माझ्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "सर, तुम्ही केशवापूरचे. भाजीच्या गाड्यावर तुम्ही भेंडीचं टोक मोडून बघता, तेव्हा बघितलंय तुम्हाला." राहायला तो आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून होता. एवढं सांगून झालं आणि तो बसल्या बसल्या झोपला. मान पडत नव्हती, तोंड उघडं नव्हतं. डोळे मिटले की इतका नीट झोपणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. धारवाड आलं तेव्हा आपोआप जागा झाला, बॅग सावरली, आणि पुढं हुबळीला जायला आम्ही चिगरीत, म्हणजे त्या दोन गावांमधे धावणाऱ्या जलद बसमध्ये चढलो.

त्या प्रवासात आणि नंतर त्याच्या घरी चहाला बसल्यावर मला हळूहळू सगळं कळलं. तो धारवाडच्या एका कॉलेजात गेस्ट लेक्चरर होता. दर वर्षी नवी नेमणूक, वर्षातले दोन महिने घरी. बाकीचे लोक कायम झाले, काही सोडून गेले, हा राहिला. दोन वर्षांपूर्वी कॉलेजचा दर्जा तपासायला बाहेरून माणसं आली होती. त्यांनी एक साधा प्रश्न विचारला: पहिल्या वर्षाला एवढी मुलं घेता, तिसऱ्या वर्षाला त्यातली निम्मीच दिसतात, बाकीची जातात कुठं? कॉलेजात कुणालाच ते माहीत नव्हतं. मग गळती रोखण्यासाठी एक समिती झाली. समितीत कायम प्राध्यापक, आणि काम करायला गुरुप्रसाद.

"पहिल्यांदा आम्ही एक प्रेरणा शिबिर घेतलं," तो म्हणाला. "बंगळूरहून वक्ता आणला. छान बोलला. पण सर, जी मुलं कॉलेजला येत नाहीत, ती शिबिराला तरी कशी येणार? जी रोज येतात तीच बसली होती. त्यांना दोन तास सांगितलं, कॉलेज सोडू नका."

मग तो फोन करायला लागला, आणि फोनवर खरं कुणी सांगत नाही हे कळल्यावर रविवारी गावं हिंडायला लागला. सगळ्यांचा समज असा की मुलं नापास झाली की सोडतात, किंवा फी झेपत नाही म्हणून. तशी होतीच. पण नापास झालेलं पोर परत आणता येतं, त्याला राग तरी असतो, असं त्याचं म्हणणं. ज्यांना परत आणता येत नाही, ती मुलं चांगली पास होऊन सुट्टीला घरी गेलेली असतात. मुलगा महिनाभर म्हणून तारिहाळच्या एखाद्या कारखान्यात लागतो, पहिला पगार घरात येतो, आणि कॉलेज उघडलं तरी तो महिना संपत नाही. मुलीची सुपारी फुटते.

"सुपारी फुटल्यावर गेलो की सगळे चहा देतात," तो सांगत होता. "बघू म्हणतात, विचारून सांगतो म्हणतात. नंतर मागितलेली ती विनंती, सर. आधी मागितली तर ती बोली. आणि बोली मोडत नाहीत हो ते लोक. सुपारीपुढं बोललेलं मोडत नाहीत."

म्हणून मुलींना आणि त्यांच्या मैत्रिणींना विचारून तो सुपारीच्या तारखा लिहून ठेवायचा. ज्योतीची तारीख दीपश्रीनं सांगितली होती, तिच्या बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीनं. आमंत्रण नसताना जायचं, मधे बसायचं, खायला देतील ते खायचं आणि बत्ता उचलला की उभं राहायचं. आधीच्या वर्षी अशा तीन-चार मुली परीक्षेला बसल्या होत्या. सासरच्यांनीच आणून सोडल्या. त्याला त्याचं मोठं अप्रूप होतं, पण ते सांगतानाही आवाज दमलेलाच.

त्याची आई कुसुमावती खुर्चीत बसून वाती वळत ऐकत होती. "दुसऱ्यांच्या सुपाऱ्यांत पोहे खाऊन येतो," ती मला म्हणाली. "स्वतःचं काढलं की म्हणतो, परमनंट झाल्यावर. ह्याच्या हाताखाली शिकलेल्या मुली परमनंट झाल्या."

"होय की, आई," गुरुप्रसाद म्हणाला. तो सगळ्यालाच 'होय की' म्हणायचा.

तुळशीचं लग्न झाल्यावर महिनाअखेरीला ज्योतीचं लग्न झालं. मी गेलो होतो. गुरुप्रसादला सुट्टी मिळाली नाही. नंतर ज्योती कॉलेजला आली नाही. त्यानं तुकारामला फोन केला. तुकाराम म्हणाला, "सर, शब्द दिलाय न्हवं? पेपरला येईल." गुरुप्रसादनं धोंडिबांना केला. तेही तेच म्हणाले, जरा दुखावल्यासारखे. नवं लग्न, नवं घर. त्यानं फार ताणलं नाही. घर म्हणजे सासू कौसल्याबाई, दोन म्हशी आणि थोडी भाताची जमीन. आकाश तारिहाळला, आठवड्याची सुट्टी असेल तेव्हा यायचा. दीपश्री झेरॉक्स काढलेल्या नोट्स बसच्या कंडक्टरकडं द्यायची, आणि ज्योती त्या घरी वाचायची. पदवी मिळवून बी.एड. करायचं, हे ती दहावीपासून म्हणत होती. तुकाराम मला एकदा म्हणाला होता, "लहानपणी बाहुलीला पण मारून शिकवायची, गुर्जी."

जानेवारीत परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी मला गुरुप्रसादचा फोन आला. "सर, धारवाडला येता का? धोंडिबाकाका आलेत. तुमचं ऐकतील."

मी पोचलो तेव्हा ऑफिसच्या बाहेरच्या व्हरांड्यात चौघं उभे होते. आकाशनं कारखान्यातून रजा काढून ज्योतीला मोटारसायकलवर आणलं होतं. तिच्या डोक्याला थंडीचा स्कार्फ अजून तसाच होता. धोंडिबा बसनं आले होते, शब्द पाळला जातोय हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायला. हातात जेवणाचा डबा. हॉल तिकीट घ्यायला आले होते, आणि ऑफिसनं सांगितलं होतं, हॉल तिकीट नाही. हजेरी कमी आहे. पाऊण हजेरी लागते, हिची तेवढी भरत नाही.

गुरुप्रसादनं मला बाजूला घेतलं. आधीच्या मुली परीक्षेला कशा बसल्या, ते त्याला आत्ता, त्या व्हरांड्यात कळलं होतं. त्या सगळ्यांची लग्नं उन्हाळ्यात झाली होती, तास संपल्यावर. लग्न आणि पेपर यांच्यामध्ये कॉलेज नव्हतंच. म्हणून परीक्षेचा शब्द पुरला होता. ज्योतीचं लग्न भर सत्रात झालं. "मी परीक्षा मागितली," तो म्हणाला. "तास मागायचे राहिले." शिवाय पूर्वी प्राचार्य हजेरीत थोडं सांभाळून घ्यायचे, तेही यंदा बंद झालं होतं. मुलं टिकवायची तर हजेरी कडक पाहिजे, असा समितीनंच ठराव केला होता, आणि त्यावर गुरुप्रसादचीही सही होती.

प्राचार्यांनी एक वाट ठेवली होती. मुलगी आजारी होती असं डॉक्टरचं सर्टिफिकेट आणि घरातल्या वडीलधाऱ्याचं पत्र संध्याकाळपर्यंत आलं, तर ते आजच विद्यापीठाला पाठवतो म्हणाले. समोरच्या रस्त्यावर असं सर्टिफिकेट देणारे डॉक्टर होते. दर सत्राला मुलं नेतात. गुरुप्रसादला ते आवडलं नव्हतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. पण त्यानं धोंडिबांना सांगितलं.

धोंडिबांनी डबा या हातातून त्या हातात घेतला. "आजारी होती, असं मी लिहून द्यायचं?"

"नुसतं कागदावर, काका."

"लगीन होऊन दोन महिने झाले. दोन महिने सून आजारी. वाचणारा काय म्हणंल?" ते थांबले. "एक तर म्हणंल, पोरीला खायला घालत न्हाईत. न्हाईतर म्हणंल, पोरगी आधीच आजारी होती, तुकारामानं फसवून दिली. दोन्ही घरांचं नाव जातंय."

"काका, तो कागद कुणी वाचत नाही."

"वाचत न्हाईत तर मागता कशाला?"

मी धोंडिबांना बाजूला नेऊन समजवायचा प्रयत्न केला. त्यांनी माझ्याशी अदबीनं बोलून तेच सांगितलं. "गुर्जी, मी सगळ्यांसमोर शब्द दिला, पाळला. पोराची रजा गेली, ती जाऊ दे. पण घरात आजार होता असं खोटं माझ्या हातानं लिहायला लावू नका." ते रागावले नव्हते. त्यांच्या दृष्टीनं शब्द आमच्याकडून मोडला होता, आणि आता आम्ही वर त्यांची अब्रू मागत होतो.

आकाश म्हणाला, "मी देतो लिहून."

"तू घरात हाईस काय?" धोंडिबा म्हणाले, एवढंच.

गुरुप्रसादनं ज्योतीकडं बघितलं. ती म्हणाली, "मी आजारी नव्हते, सर." मग थोड्या वेळानं, "सगळं वाचून झालंय माझं. मग उद्या काय करू?"

त्यानं बॅगेची चेन उघडली, बंद केली. शेवटी त्यांनी व्हरांड्याच्या कट्ट्यावर बसून तो डबा खाल्ला. परत नेला तर कौसल्याबाईंना सगळं सांगावं लागलं असतं, असं आकाश म्हणाला. आम्हालाही दिला. भाकरी, वांग्याची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी. गुरुप्रसादनं अर्धी भाकरी हातात धरली आणि बराच वेळ तो ती धरूनच बसला.

सत्र गेलं. नियमाप्रमाणं ज्योतीला पुढच्या वर्षी तेच सत्र पुन्हा करायला मिळणार होतं. मागच्या मुलांबरोबर, पहिल्यापासून, पाऊण हजेरी भरून. म्हणजे दहा दिवसांचं नाही, सगळ्या सत्राचं रोज जाणंयेणं. आणि मागायला आता काही हातात नव्हतं. सुपारी फुटून गेली होती.

समितीच्या बैठकीत गुरुप्रसादनं हे सगळं सांगितलं. एक प्राध्यापक म्हणाले, "एका मुलीचं काय घेऊन बसलास, आपल्याला टक्का बघायचा आहे." तपासणीचं काम झालं होतं, दर्जा मिळाला होता. समितीची पुढची बैठक झालीच नाही. नेमणुकीच्या मधले दोन महिने तो कोप्पीकर रोडवर एका हिशेबनिसाच्या ऑफिसात बसला. संध्याकाळी भेटला की मी ज्योतीचं विचारायचो. "जायचंय, सर," म्हणायचा. जायचा नाही. पुन्हा त्या दारात कोणत्या तोंडानं उभं राहायचं, हे त्याला सुचत नव्हतं, आणि मीही सुचवलं नाही.

ऑगस्टमध्ये कॉलेज उघडायच्या आदल्या रविवारी तो सकाळीच आला. "येता का?" म्हणाला. मी चपला घातल्या.

ज्योतीच्या सासरी भातलावणी नुकतीच उरकली होती. कौसल्याबाई घरी होत्या, पाठ दुखते म्हणून. सडपातळ, नाकात मोठी चमकी, सांगायचं ते समोरच्याकडं न बघता सांगणारी बाई. ज्योतीनं पाणी आणलं आणि आत गेली. धोंडिबांना बोलावणं गेलं. ते आले, बसले, आमची चौकशी केली.

गुरुप्रसादनं सरळ सांगितलं. "काका, तुम्ही शब्द पाळला. चूक माझी झाली. काय मागायचं ते मला नीट कळलं नाही. आता मागायचा हक्क नाही, तरी मागायला आलोय."

"रोज पाठवायचं?"

"होय."

"मास्तर, त्या दिवशी हेच मागितलं असतंत तर मी हो म्हणालो नसतो," धोंडिबा म्हणाले. "खरं ते सांगतो. कदाचित सुपारीच फोडली नसती."

"होय की," गुरुप्रसाद म्हणाला.

गोठ्यात म्हैस पाय आपटत होती. मग कौसल्याबाई भिंतीकडं बघत म्हणाल्या, "शब्द ह्यांनी दिला. म्हशी मी बघते."

धोंडिबांनी मान वळवली.

"न्हाई, भावजी, खोटं बोलते काय? सुपारीच्या दिवशी मी आत बायकांत बसले होते. ह्या सरांनी काय मागितलं, ते मला बसमध्ये घरी येताना कळलं. परीक्षेला पाठवा म्हणाले, पाठवली. आता रोज म्हणतात. सकाळची धार कोण काढतंय? डेअरीला दूध कोण घालतंय? माझी पाठ बघा की."

"तुम्हाला कसं जमेल, ते सांगा अक्का," गुरुप्रसाद म्हणाला.

"जमत न्हाई. काय सांगू?"

ज्योतीनं चहा आणला. कप ठेवून ती आत गेली. गुरुप्रसादनं चहा संपवला. मला वाटलं, आता निघायचं. तो उठणार, एवढ्यात कौसल्याबाईंनी विचारलं, "रोज तास असतात काय पण?"

"असतात," तो म्हणाला. मग म्हणाला, "असायला पाहिजेत."

"ती सांगते, लगीन व्हायच्या आधी किती वेळा नुसतं जाऊन आली म्हणून. आज मोर्चा, आज कुणाचं भाषण, आज सर आले न्हाईत. बायकांना बस फुकट असंल, माझा दिवस फुकट न्हाई."

"खरं आहे."

"धार काढून, दूध घालून ती सकाळच्या बसला जाईल. दुपारची धार माझी. पण तास असंल त्याच दिवशी. नसंल त्या दिवशी घरात. आणि ते मला आधी कळाय पाहिजे, ती आवरायला लागायच्या आधी. आदल्या दिवशी सांगून चालत न्हाई, तुमचं सकाळी बदलतं म्हणे."

"मी ज्योतीला फोन करत जाईन."

"तिला नको. मला करा. ती तास नसला तरी हाय म्हणंल." त्या पहिल्यांदा त्याच्याकडं बघून बोलल्या. "मी असते तर मी पण तेच केलं असतं."

आतून हसल्याचा आवाज आला आणि लगेच थांबला. धोंडिबा म्हणाले, "वैनी, पाठीचं काय?"

"पाठ आधी पण दुखत होती."

गुरुप्रसाद 'होय' म्हणून बसला. परत येताना बसमध्ये तो झोपला नाही. जे कबूल केलं होतं, ते त्याच्या हातातलं नव्हतं. तो एक गेस्ट लेक्चरर, चार विषयांपैकी एक त्याचा. बाकीच्यांनी तास घ्यायचा की नाही, हे ठरवणारा तो कोण? आणि दोन-चारदा ज्योती रिकामी परत आली, की घरून येणं बंद. मी म्हटलं, एवढं कशाला कबूल केलंस? तो म्हणाला, "त्यांनी एवढंच मागितलं, सर. कॉलेजात कॉलेज असावं, एवढंच."

तेव्हापासून तो रोज संध्याकाळी ज्योतीच्या वर्गावरच्या बाकीच्या शिक्षकांना विचारतो, उद्या तास घेणार ना? सुरुवातीला हसले. मग चिडले. "तू प्राचार्य आहेस का?" एकानं विचारलं. "त्या बाईचा पगार घेतोस का?" असं दुसऱ्यानं. एका मॅडमनी मात्र परवा त्याला स्वतःहून फोन केला, की उद्या मला बरं नाही, पण तास बदलून दुसऱ्यांना दिलाय, मुलीला येऊ दे. बाकी फार फरक पडलेला नाही. मध्यंतरी ज्योती दोनदा रिकामी परत गेली. दोन्ही वेळा कौसल्याबाईंनी त्याला फोनवर काय काय सुनावलं, ते तो मला सांगत नाही. पण दुसऱ्या दिवशी पाठवली.

हजेरी आतापर्यंत पाऊणच्या जेमतेम वर आहे. परीक्षा जानेवारीत आहे. नेमणूक मार्चपर्यंत आहे, पुढचं माहीत नाही. यंदा गेस्ट लेक्चररच्या नेमणुकांची नवी नियमावली आली आहे आणि त्यात त्याचं नाव बसतं का, हे ऑफिसातही कुणी सांगू शकत नाही. आता आणखी काही घरांनी त्याचा नंबर घेतला आहे. एकाचं म्हणणं, आमच्या नारायणाचं पण तसंच आम्हाला कळवा. तो कॉलेजला म्हणून जातो आणि कुठं जातो, ते आम्हाला कळत नाही.

परवा कुसुमावतीबाई मला म्हणाल्या, "पहाटे उठतो तो. मला वाटतं पूजेला उठतो. तर कुणाच्या तरी म्हशींची चौकशी करत असतो."

ज्योतीची धार सुरू व्हायच्या आधी, केशवापूरच्या त्या दोन खोल्यांत, आई उठू नये म्हणून स्वयंपाकघराचं दार ओढून घेऊन, गुरुप्रसाद रोज कौसल्याबाईंना आज तास आहेत की नाहीत ते फोनवर सांगतो.